एक वीत, दोन बोटं

साहेब गाडीखाली शिरले होते आणि मला त्यांचे फक्त बूट दिसत होते. बूट चांगले होते, पण दोन्हींची टाच उजव्या बाजूने झिजलेली. असा माणूस खुर्चीतही एका अंगावर बसतो आणि त्याची गादी वर्षाच्या आत कलते. चाळीस वर्षं गाद्या भरल्यावर एवढं कळतंच, त्याला शाळा लागत नाही.

"बाई, नंबर कुठे आहे?" बुटांच्या पलीकडून आवाज आला.

मी म्हटलं, पाटीवर आहे की, पुढेही आहे आणि मागेही आहे. तर म्हणाले, तो नाही, सांगाड्यावर कंपनीने ठोकलेला. साहेब सरपटत बाहेर आले, चष्मा पुसला आणि माझ्या मुलाकडे बघून बोलायला लागले. गाडी माझ्या नावावर, सही माझी, तरी सगळे माझ्या मुलाकडे बघूनच बोलतात. मुलगा मान हलवत राहतो. त्याची मान बापाची नाही, कुणाची आहे कोण जाणे.

गोष्ट अशी होती, की प्रत्येक गाडीच्या लोखंडी सांगाड्यावर एक नंबर ठोकलेला असतो. माणसाच्या अंगावरच्या जन्मखुणेसारखा. पाटी बदलते, रंग बदलतो, मालक मरतो, तो नंबर तसाच राहतो. दुसऱ्या राज्यातून आलेली गाडी इकडच्या दफ्तरात घ्यायची तर साहेबाने तो नंबर डोळ्यांनी बघायचा, कागद लावून वरून पेन्सिल घासायची आणि उमटलेला छाप फायलीला जोडायचा. आमच्या टेम्पोत त्या जागेवर जाड पत्रा होता. चारी बाजूंनी वेल्डिंग केलेला, वर काळा रंग.

"नंबर दिसत नाही, तर मी कशावर सही करू?" साहेब मुलाला म्हणाले.

"सही माझ्या कागदावर करायची आहे," मी म्हटलं. "मला सांगा."

तेव्हा त्यांनी पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं.

टेम्पो म्हणजे आमचं दुकान. म्हणायचं म्हणून म्हणत नाही, खरंच दुकान. तिकडे आमचं पत्र्याचं दुकान होतं, ते रस्ता रुंद करताना गेलं. तेव्हा हे होते. म्हणाले, जाऊ दे, दुकानाला चाकं लावू. सात वर्षांपूर्वी जुना, बंद डब्याचा टेम्पो घेतला, मागे लोखंडी बैठक करवली, तिच्यावर कापूस पिंजायचं यंत्र बसवलं, छप्पर हातभर उंच केलं आणि वर कापसाची उडणारी लव बाहेर जायला जाळी ठेवली. लोकांच्या दारात गाडी उभी करायची, जुनी गादी फोडायची, गोळे झालेला कापूस पिंजून मऊ करायचा, त्याच खोळीत भरून, टाके घालून संध्याकाळच्या आत परत द्यायची. माणूस ज्या गादीवर झोपला त्याच गादीवर पुन्हा झोपतो. फोमवाल्यांना हे जमत नाही. फोम बसला की फेकायचा.

तिकडच्या ऑफिसने तेव्हा सगळं तपासून गाडीच्या नोंदणी-पुस्तकात लिहून दिलं होतं, की या गाडीत असा असा बदल केला आहे आणि तो मंजूर आहे. नंतर हे गेले. गाडी माझ्या नावावर झाली. मुलाला हद्दीच्या अलीकडे काम लागलं, सून इकडचीच, म्हणून आम्ही इकडे आलो. बाहेरून आलेली गाडी बारा महिन्यांत इकडच्या दफ्तरी लागली पाहिजे असा कायदा आहे. त्यातले नऊ महिने तिकडच्या ऑफिसला 'आमची हरकत नाही' एवढं एक वाक्य लिहायला लागले. मी त्यांना नऊ महिन्यांत काय काय जन्माला येतं ते खिडकीवर जाऊन सांगितलं होतं, पण तरी त्यांना घाई झाली नाही.

आणि तो शुक्रवार होता. बारा महिने रविवारी भरत होते. शनिवार-रविवार ऑफिस बंद. सोमवारी गाडी रस्त्यावर काढली की जप्त. मंगळवारपासून आम्हाला मुलींच्या वसतिगृहाच्या एकशे साठ गाद्या करायच्या होत्या. इकडे आल्यापासूनचं पहिलं मोठं काम. ते गेलं असतं तर दुसरं कुणी दिलं नसतं, कारण माणसं पहिलं काम बघूनच दुसरं देतात.

साहेबांनी दोन रस्ते सांगितले. एक, गॅसकटरने पत्रा कापायचा. पण उष्णतेने नंबर बिघडला, तर गाडी तपासणीला जाणार, तिथून परत यायला चार महिने लागतात की आठ, ते सांगता येत नाही. शिवाय कापसाची लव बसलेल्या गाडीत ज्योत न्यायची म्हणजे काय, ते साहेबांना कळत नव्हतं, मला कळत होतं. दुसरा रस्ता, यंत्र आणि बैठक पार काढून टाकायची, म्हणजे तिच्याबरोबर पत्राही निघेल, गाडी रिकामी आणायची, साधा टेम्पो म्हणून नोंदवायची.

"आणि मग यंत्र?" मी विचारलं.

"मग नवीन अर्ज, नवीन नकाशा, नवीन मंजुरी. जुनी बैठक चालेलच असं नाही."

असं म्हणून ते घड्याळ बघून जेवायला गेले. जाताना म्हणाले, तीन वाजेपर्यंत मी आहे. वाईट माणूस नव्हता. आत त्यांच्या खुर्चीवरची उशी मी सकाळीच पाहिली होती, मधे खड्डा आणि उजव्या कडेला गोळा. असल्या उशीवर दिवस काढून माणूस एवढा बरा राहतो म्हणजे मुळात चांगला असणार.

गेटबाहेर एक एजंट मोठी छत्री लावून बसतो. सगळे त्याला छत्रीच म्हणतात. साहेब गेल्याबरोबर छत्री आमच्यापाशी आला. त्याला सगळं ऐकू गेलं होतं, त्याचा धंदाच तो. मुलाला बाजूला घेऊन सांगायला लागला, की माझा माणूस आहे, दीड तासात यंत्रासकट सगळं कापून खाली ठेवतो. गाडी रिकामी दाखवा, सही घ्या, सोमवारी परत बसवा. सगळे असंच करतात. पुस्तकात साधा टेम्पो, आत काय वाटेल ते. कोण बघतंय?

मुलाला ते पटलं. त्याला कायम दुसऱ्याचं पटतं. माझ्याकडे येऊन हळू आवाजात म्हणाला, "आई, एका दिवसाचा तर प्रश्न आहे."

मी त्याला म्हटलं, तुझ्या बापाने ती बैठक करताना तीन दिवस वेल्डरच्या शेजारी बसून काढले. पाण्याची वाटी यंत्रावर ठेवून बघायचे, पाणी हललं की पुन्हा उठवून बसवायचे. यंत्राचे दाते केसाएवढे सरकले तरी कापूस पिंजत नाही, तुटतो. छत्रीचा माणूस ते कापणार आणि सोमवारी पुन्हा चिकटवणार, म्हणजे मोडलेलं हाड दोरीने बांधल्यासारखं.

"आणि दुसरं म्हणजे," मी म्हटलं, "जे माझ्या गाडीत आहे ते माझ्या पुस्तकात लिहिलेलं पाहिजे. मी चोरून गादी भरत नाही."

छत्रीने हात जोडले आणि म्हणाला, मावशी, तत्त्वाने गाडी पास होत नाही. मी म्हटलं, छत्रीनेही पाऊस थांबत नाही, तरी तू बसतोसच ना. तो हसला आणि गेला. पण जाताना मुलाला खूण करून गेला, की म्हातारी थकली की बोलव.

थकले होतेच. सकाळपासून उभी होते. ऑफिसच्या मागे तपासणीच्या मैदानात आमचा टेम्पो एकटा उभा होता. त्याच्या सावलीत सुनेने सतरंजी टाकली होती आणि ती उशी शिवत बसली होती. वसतिगृहाच्या बाईंना नमुना दाखवायची उशी. सून पदवीधर आहे. आमच्यात आली तेव्हा तिला सुई कोणत्या बाजूने टोचते तेही माहीत नव्हतं. आता शिवते. बरं शिवते, पण तिला मी तसं सांगितलेलं नाही. सांगितलं की हात ढिला पडतो.

मी तिच्या शेजारी बसले. मुलगा पुढच्या चाकाला टेकून जमिनीकडे बघत होता. मनात मी यांच्याशी भांडत होते. चाळीस वर्षं भांडले, आता काय सोडते. म्हणत होते, अहो, एवढी पाण्याची वाटी ठेवून बैठक केलीत आणि नंबरावरच पत्रा मारलात? का मारला ते माहीत होतं. यंत्राची लव खाली सायलेन्सरवर पडली की पेटते. एकदा एकाची गाडी तशी जळाली होती. म्हणून यांनी खालून फटच ठेवली नाही, सगळं बंद करून टाकलं. शहाण्याने आग बघितली आणि नंबर विसरला, असं मी मनातल्या मनात म्हणत होते. आणि हे काही उत्तर देत नव्हते, जिवंतपणीही देत नसत.

तेवढ्यात माझी नजर सुनेच्या हातावर गेली. उशीची शेवटची कड ती शिवत होती, आणि बारीक, घट्ट टाके घालत होती.

"अगं, काय करतेस? ते तोंड आहे."

ती म्हणाली, "माहीत आहे आई. पण मुलींचं वसतिगृह आहे, त्या ओढाओढी करतात. उसवेल म्हणून घट्ट घालते."

हे जरा सांगायला हवं. गादी असो की उशी, तीन बाजू आधी शिवायच्या, कापूस भरायचा आणि शेवटी जी वीतभर जागा उरते तिला आम्ही तोंड म्हणतो. बाकीची शिवण आयुष्यभरासाठी असते. तोंडाची तशी नसते. ती लांब, सैल टाक्यांनी, मेण लावलेल्या दोऱ्याने घालायची, म्हणजे पाच-सात वर्षांनी कापूस बसला, की पुढचा माणूस खोळ न फाडता तेवढेच टाके ओढून गादी उघडतो. पुढचा माणूस आपल्या ओळखीचा असेलच असं नाही. म्हणून तोंड कुठे ठेवायचं तेही ठरलेलं. पायाकडची कड, उजवा कोपरा, कोपऱ्यापासून एक वीत सोडून. शोधावं लागता कामा नये.

मी सुनेला तेच ऐकवत होते. तिने शंभर वेळा ऐकलेलं. म्हटलं, जो भरतो त्याने उघडणाऱ्याचा विचार करायचा. तुझ्या सासऱ्यांनी जन्मात एक वस्तू तोंडाशिवाय बंद केली नाही. घरातली लाकडी पेटी केली तर तिच्या तळाला...

आणि मी बोलायची थांबले.

सुनेला वाटलं मला चक्कर आली. पाण्याची बाटली पुढे केली. मी ती बाजूला केली आणि म्हटलं, टॉर्च दे, आणि दाभण दे. दाभण म्हणजे आमची मोठी सुई, गादीच्या आरपार जाणारी.

"कशाला?"

"तुझ्या सासऱ्यांना विचारायचंय."

मी गाडीखाली जायला लागले तेव्हा मुलगा धावत आला. आई, मी जातो, आई, कपडे खराब होतील, आई, तुझे गुडघे. गुडघे नाहीच म्हणत होते, पण मी त्यांना विचारलंच नव्हतं. पाठीवर झोपून सरकले. खाली ऑईलचा वास होता, आणि त्याच्या खाली आमच्या कापसाचा.

पत्रा लांबलचक होता. रंगाच्या वर लव बसून, तिला तेल लागून, नमद्यासारखा, चेपलेल्या लोकरीसारखा थर झालेला. डोळ्यांनी काही दिसत नव्हतं. साहेबांनाही दिसलं नव्हतं, त्यात त्यांची चूक नाही. मी विचार केला, गाडीचं तोंड पुढे, म्हणजे पायाकडची बाजू मागे. उजवा कोपरा. तिथे अंगठा टेकवला आणि वीत घातली.

माझी वीत लहान आहे. लग्न होऊन आले त्या आठवड्यात यांनी दुकानात माझा हात आपल्या हाताला लावून बघितला होता. मला वाटलं लाडाने. ते मोजत होते. म्हणाले, तुझी वीत दोन बोटं कमी पडते, तू मोजशील तेव्हा दोन बोटं जास्त धर, नाहीतर तुझ्या गाद्या आणि माझ्या गाद्या वेगळ्या दिसतील. चाळीस वर्षं मी एक वीत आणि दोन बोटं मोजली. हात आपोआप तसा पडतो.

तिथे मी दाभणाने खरवडलं. आधी लव निघाली, मग रंग. मग टोक खट्कन आत गेलं. लोखंडात जात नाही, मेणात जातं. स्क्रूच्या डोक्यातली खाच मेणाने भरून ठेवलेली, रंग आत बसू नये म्हणून. आम्ही दोऱ्याला लावतो तेच मेण. त्याच्या पुढे चार बोटांवर दुसरा स्क्रू. खाली तिसरा. मग चौथा. मधे बारीक रेघ, चौकोनी. पोस्टकार्डाएवढं झाकण.

मी तिथेच पडून राहिले. वरून मुलगा विचारत होता, काय आहे, काय आहे.

मग म्हटलं, "तोंड सापडलं."

मुलगा लगेच पेचकस घेऊन आला. मी त्याला हात लावू दिला नाही. म्हटलं, आपण उघडलं आणि साहेब आले, तर म्हणतील, आत्ताच काहीतरी करून ठेवलंत. झाकण बंद असताना त्यांनी बघायचं, त्यांच्यासमोर उघडायचं. सुनेने माझ्याकडे बघितलं. म्हणाली, "आई, तुम्ही वकील व्हायला हवं होतं." मी म्हटलं, मला दुसरीतून काढलं नसतं, तर झालेच असते, आणि तुला सून म्हणून नापास केली असती.

पण हसत होतो आम्ही तिघंही. मुलगासुद्धा.

साहेब अडीचला आले. मी त्यांना काही समजावून सांगितलं नाही, नुसती टॉर्च हातात दिली. या वेळी ते माझ्याशीच बोलले. खाली गेले, बराच वेळ तसेच राहिले. मग त्यांनी मोबाईलवर बंद झाकणाचा फोटो काढला, मेण बोटाने घासून बघितलं आणि विचारलं, हे तुम्हाला माहीत होतं, तर सकाळी का नाही सांगितलं?

"माहीत नव्हतं. माणूस माहीत होता."

साहेब मुलाला म्हणाले, उघडा.

स्क्रू लोण्यातून फिरावेत तसे फिरले. सात वर्षांत एकालाही गंज नाही. आट्यांना ग्रीस होतं. झाकण हातात आलं, आणि मागे कापसाचा बोळा. तेलात भिजवून, नीट दाबून बसवलेला, मधासारख्या रंगाचा झालेला. मुलाने तो ओढून फेकायच्या आत मी हात पुढे केला. तो मी डाव्या मुठीत ठेवला.

बोळ्याखाली नंबर होता. काल ठोकल्यासारखा.

साहेबांनी पातळ कागद लावला आणि पेन्सिल घासायला सुरुवात केली. एकेक अक्षर वर यायला लागलं. ते गाडीखालून वाचत होते आणि सून बाहेर पुस्तक धरून उभी होती. सतरा खुणा असतात. ते एक म्हणायचे, ती "हो" म्हणायची. इंग्रजी अक्षरं मला कळत नाहीत, आकडे कळतात. मी आकड्यांपुरती तिच्याबरोबर म्हणत होते. शेवटच्या आकड्याला तिचा आवाज चढला आणि मैदानाच्या पलीकडच्या रांगेतली माणसं वळून बघायला लागली. छत्रीसुद्धा छत्री सोडून आला होता.

नंतर साहेबांनी काहीही सोडलं नाही, आणि मला ते आवडलं. उंची मोजली. वजनकाट्याची चिठ्ठी बघितली. बैठकीचे बोल्ट हातोडीने वाजवून बघितले. आग विझवायचं नळकांडं कधी भरलंय ते वाचलं. शेवटी म्हणाले, यंत्र चालवून दाखवा.

मी मागे चढले. पट्ट्यावर जाळी लावली, खटका दाबला. नमुन्यासाठी आणलेला मूठभर जुना कापूस होता, कडक, करडा, दगडासारखा. तो टाकला. दुसऱ्या बाजूने तो असा बाहेर आला, की साहेबांनी नकळत हात पुढे केला आणि तो त्यांच्या तळहातावर उतरला. वजनच नव्हतं त्याला. यंत्रावर मुलगा पाण्याची बाटली विसरला होता. मी साहेबांना ती दाखवली. यंत्र चालू होतं आणि बाटलीतलं पाणी थरथरतही नव्हतं.

"बैठक चांगली आहे," साहेब म्हणाले. त्यांच्याकडून हे म्हणजे पुष्कळच झालं.

छत्री खालून सांगत होता, तिकडचे मेकॅनिक हुशार दिसतात. मी म्हटलं, मेकॅनिक नव्हता. गादीवाला होता.

आत त्यांच्या टेबलापाशी त्यांनी माझ्यापुढे शाईचा पॅड सरकवला. मी तो परत सरकवला आणि पेन मागितलं. माझी सही सावकाश होते, पण होते. चार ठिकाणी केली. मागे रांग खोळंबली होती, खोळंबू दे म्हटलं. मग त्यांनी कागदावर लिहिलं ते सुनेने मला वाचून दाखवलं. कापूस पिंजण्याचं यंत्र कायमस्वरूपी बसवलेलं, तपासलं, मंजूर. कायमस्वरूपी हा शब्द मी तिला दोनदा वाचायला लावला.

साहेब शिक्का मारून पुन्हा खुर्चीत बसले, त्याच खड्ड्यात. मला राहवलं नाही. म्हटलं, ही उशी फोडून पिंजायला हवी, नाहीतर पाठीतून जाल. ते जरा घाबरले. म्हणाले, बाई, असलं काही मी घेत नाही. मी म्हटलं, देतंय कोण? कागद माझ्या हातात आला, आता तुमचं माझं काही देणं-घेणं नाही. गिऱ्हाईक म्हणून या, पूर्ण भाव लावीन. शेजारच्या टेबलावरची बाई एवढी हसली, की तिच्या फायली खाली पडल्या. साहेबांनी उशी उचलून खालून-वरून बघितली आणि मंगळवारनंतर गाडी कुठे असते ते एका चिठ्ठीवर लिहून घेतलं.

मुलगा बाहेर गेटापर्यंत छाती काढून चालला. छत्रीला म्हणाला, माझ्या वडिलांनी केलंय ते. दिवसभरात पहिल्यांदा त्याची मान मला ओळखीची वाटली.

निघायच्या आधी झाकण लावायचं होतं. सून म्हणाली, मी लावते, आणि खाली शिरलीसुद्धा. तिने हात बाहेर काढून बोळा मागितला. मुलगा म्हणाला, तो जुना कशाला, आत नवीन कापूस आहे, तेलही आहे.

बोळा माझ्या मुठीतच होता. दुपारपासून. तेलाने तळवा पिवळा झाला होता. मी मूठ उघडली. बोळ्याच्या एका अंगाला दोन खळगे होते, जवळजवळ. बोळा आत बसवताना दोन बोटांनी दाबतात, त्या जागेचे. कापूस तेलात आकार धरतो.

मी माझी बोटं त्या खळग्यांत ठेवून बघितली. सैल झाली.

मग गुडघे टेकले आणि बोळा मीच आत बसवला, कडांनी धरून, खळग्यांवर बोट पडू न देता. सुनेने झाकण लावलं. एक, दोन, तीन स्क्रू घट्ट केले, चौथ्यावर थांबली आणि खालूनच विचारलं, "आई, मेण?"

माझ्या पिशवीत होतं. चिमटीत मऊ करून दिलं.